हुद्दा चढण्याआधी

सुरतच्या गोलवाडमधली ही गल्ली इतकी अरुंद आहे, की समोरून मोपेड आली की भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. सकाळचे दहा वाजलेत. दोन्ही बाजूंच्या तळमजल्यांतून एकसुरी घरघर ऐकू येते आहे. वर संसार, खाली कारखाना, अशी इथली जुनी रीत. राणा समाजाची ही वस्ती. जरीचं काम इथल्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग आहे. आत ट्यूबलाइटच्या उजेडात चाकं फिरतायत आणि त्या चाकांमधून काहीतरी चमकत जातंय. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर ते काय आहे हे कळत नाही.

"आवो, बेसो," कारखान्याचे मालक काका म्हणतात आणि स्वतःचं स्टूल माझ्याकडे सरकवतात. ते गुजराती बोलतात, मी मराठी बोलतो, अडलं तिथे दोघंही हिंदीवर येतो. मला खांद्यावरच्या आणि कॉलरवरच्या लष्करी बिल्ल्यांची तार पाहायची आहे, हे त्यांना फोनवर सांगितलेलं आहे. माझ्या मोबाइलमध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयात काढलेले फोटो आहेत. तिथे मी जर्मन अधिकाऱ्यांच्या कोटांसमोर बराच वेळ उभा होतो. पाटीवर हुद्दा होता, पलटण होती, साल होतं. ती रुपेरी वेल कशाची आहे, कुणी भरली, याबद्दल अक्षर नव्हतं. तो प्रश्न घेऊन मी इथे आलोय, कारण धातूची तार करून ती कापडावर चढवण्याची विद्या ज्या शहराच्या हाडीमासी मुरली आहे, असं आपल्या जवळचं शहर हेच.

काका मला आधी तार ओढण्याच्या यंत्रापाशी नेतात. चांदीची जाड तार एकापेक्षा एक बारीक भोकांतून ओढत ओढत नेली की ती लांबत जाते आणि बारीक होत जाते. पूर्वी पोलादी पट्टीतल्या भोकांतून हाताने ओढायचे. आता हिऱ्याला भोक पाडून केलेल्या डाय आहेत. शेवटच्या डायमधून बाहेर पडणारी तार काका चिमटीत धरतात आणि म्हणतात, "दिसते का?" मला नाही दिसत. ते खिशातून काळ्या मखमलीचा तुकडा काढून मागे धरतात. तेव्हा कुठे एक चकाकती रेघ उमटते. "ही तार डोळ्याने नाही, बोटाने बघायची," ते म्हणतात. मी बोट लावतो न लावतो तोच ती तुटते. काका हसत नाहीत, रागावतही नाहीत. यंत्र थांबवून ते टोक पुन्हा ओवतात. त्या कामाला लागतील तेवढी मिनिटं ते देतात.

पुढच्या यंत्रात दोन आरशासारख्या गुळगुळीत पोलादी रुळांमधून ही गोल तार दाबली जाते आणि चपटी होते. हा बदला. बदला रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळला की कसब तयार होतो. बाजारात ज्याला आपण जर म्हणतो ती हीच. येवल्याच्या पैठणीच्या पदरात, बनारसच्या शालूत, कांचीपुरमच्या काठात जी जर जाते त्यातली पुष्कळशी इथून जाते. शेवटच्या टप्प्यात कसब सोन्याच्या द्रावणातून फिरतो आणि विजेच्या साहाय्याने त्यावर सोन्याचा मुलामा बसतो. ती खोली कुलपात असते. काका तिचं दार अर्धं उघडून दाखवतात आणि लगेच लावून घेतात.

गुंडाळणीच्या यंत्रांवर एक बाई काम करतायत. मराठी कानावर पडताच त्या वळून बघतात. "भाऊ, तुम्ही कुठले?" गाव नंदुरबारकडचं, राहायला लिंबायत. भुसावळ-सुरत रेल्वेने गेल्या कित्येक दशकांत जी खानदेशी माणसं पोटामागे इथे आणली, त्यांतलंच हे एक घर. घरी अहिराणी, दुकानात गुजराती आणि माझ्याशी नेटकी मराठी. एका वेळी त्या कितीतरी चात्यांवर लक्ष ठेवून आहेत. बोलताना त्यांची नजर माझ्याकडे असते, आणि तरी मध्येच हात जातो आणि एक चाती थांबते. तिथे धागा तुटलेला असतो. "आवाज बदलतो ना," त्या म्हणतात. मी कान देऊन ऐकतो. मला सगळी घरघर सारखीच वाटते.

माझ्या फोनमधले जर्मन गणवेश मी काकांना दाखवतो. पहिला फोटो मोठा करून ते कॉलरवरच्या दुहेरी पट्टीवर थांबतात. प्रशियाच्या राजाच्या रक्षक पलटणीची ही खूण पुढे साऱ्या जर्मन सैन्याच्या कॉलरवर आली. काकांना त्यातलं काही ठाऊक नाही. ते म्हणतात, "आ चांदी नथी." का? "चांदी एवढ्या वर्षांत काळी पडली असती. ही फक्त मळकी झालीय."

काकांचं निदान अगदी बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन अधिकाऱ्यांच्या कॉलरपट्ट्या, खांद्यावरच्या दोऱ्या आणि छातीवरचा गरुड यांत चांदीऐवजी ॲल्युमिनियमची तार वापरलेली आहे. सैन्य अवाढव्य वाढत होतं आणि चांदी महाग होती. मात्र लांबून पाहणाऱ्याला ती चांदीच वाटली पाहिजे, असा बेत होता. काकांनी ते फोटोवरून ओळखलं. संग्रहालयाच्या पाटीने मला जे सांगितलं नव्हतं, ते त्यांनी एका नजरेत सांगितलं.

ते आतून चार रिळं आणून ओळीने मांडतात. साची, हाफ-फाइन, इमिटेशन, प्लास्टिक. पहिल्यात चांदीची तार आणि सोन्याचा मुलामा. दुसऱ्यात तांब्याच्या तारेवर चांदी आणि वर सोनं. तिसऱ्यात तांब्यावर चांदीचा हलका हात आणि रंग. चौथ्यात धातूचा पातळ थर दिलेली प्लास्टिकची फिल्म. ट्यूबलाइटखाली चारही सारख्याच झळकतात. काका पहिल्या आणि चौथ्या रिळाचा एकेक तुकडा तोडतात आणि काडी ओढतात. पहिल्यातलं रेशीम जळून जातं, चांदीची नाजूक जाळी तशीच मागे उरते. चौथा तुकडा आक्रसतो आणि त्याची काळी गोळी होते. युद्ध लांबलं तेव्हा जर्मनीतही सोनेरी भरतकामासाठी असा कृत्रिम झिलईचा धागा आला होता. सेनापतीच्या कॉलरवर जे सोनं म्हणून लखलखत होतं, त्यातलं काही या चौथ्या रिळाच्या जातीचं होतं.

जर्मनी आणि सुरत यांचं या धंद्यातलं नातं जुनं आहे. 1569 मध्ये फ्रान्सच्या ल्यों शहरातून अँथनी फूर्निए नावाचा कारागीर न्यूरेंबर्गला गेला आणि तिथे सोन्यारुप्याच्या तारेचा धंदा रुजला. न्यूरेंबर्ग आणि आसपासची रोट, वाइसेनबुर्ग, आलर्सबर्ग ही गावं पुढे गोंडे, फिती आणि गणवेशावरच्या झालरींसाठी नावाजली. त्यानंतर सुरत मुघलांच्या पश्चिमेकडच्या व्यापाराचं मोठं बंदर होऊ लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्स आणि जर्मनीची यंत्रावर केलेली जर हिंदुस्थानच्या बाजारात येऊन सुरतच्या पोटावर पाय देऊ लागली. सुरतवाल्यांनी यंत्रं आणली, विजेवरचा मुलामा आत्मसात केला, आणि 1931 साली या धंद्याला जकातीचं संरक्षण देणारा कायदा झाला. न्यूरेंबर्गच्या त्या जुन्या धंद्यातून उभी राहिलेली लिओनी ही कंपनी आज मोटारींच्या वायरी बनवते. सुरत मात्र अजून जर काढते आहे.

दुपारी काका मला दोन गल्ल्या पलीकडे भरतकामाच्या कारखान्यात घेऊन जातात. जिना लाकडी, उभा आणि अंधारा. वरच्या खोलीत जमिनीवर चौकटी मांडलेल्या आहेत. ताणलेल्या कापडाभोवती कारागीर मांडी घालून बसलेत. मधल्या चौकटीवर निळ्या कापडावर एक सिंह आकार घेतोय. परदेशातल्या कुठल्याशा क्लबच्या कोटाच्या खिशावर तो बसायचा आहे. भरणारे उस्ताद बरेलीचे आहेत. मी त्यांच्या शेजारी बसतो.

त्यांच्यासमोर एका ताटलीत सलमा आहे. तार बारीक सळईवर गुंडाळून, सळई काढून घेतली की जी पोकळ, लवचीक गुंडाळी उरते तो सलमा. उस्ताद कात्रीने त्याचे बारके तुकडे करतात. एकेक तुकडा सुईत मण्यासारखा ओवतात आणि सिंहाच्या आयाळीवर तिरका निजवतात. आयाळीखाली जाड दोऱ्याची उशी आधीच शिवून घेतलेली आहे, म्हणून ती कापडातून वर उठून आल्यासारखी दिसते. तुकडा केसभर लांब झाला तर मध्ये फुगतो, केसभर आखूड झाला तर खालचा पिवळा दोरा उघडा पडतो. त्यामुळे प्रत्येक तुकडा त्या जागेपुरता, नजरेने मोजून कापायचा. माझ्यासमोर ते एक तुकडा लावतात, क्षणभर बघतात, उचकटून टाकतात आणि दुसरा कापतात. मला दोघांतला फरक दिसत नाही. त्यांना तो सहन होत नाही.

मी फोटो दाखवतो. सेनापतीच्या लाल कॉलरपट्टीवरची सोनेरी वेल पाहून त्यांचे डोळे चमकतात. ही नक्षी अठराव्या शतकातल्या एका प्रशियन पलटणीकडून आलेली आहे. 1900 सालापासून ती प्रशियाच्या सेनापतींच्या कॉलरवर आहे. "अच्छा हाथ है," उस्ताद म्हणतात. वेल वळते तिथे तुकडे कसे आखूड होत गेलेत, हे ते सुईच्या टोकाने काचेवर दाखवतात. मग पुढचे फोटो. 1936 च्या कोटाला गडद हिरवी कॉलर. 1940 पासून कॉलरही कोटाच्याच करड्या कापडाची. 1943 च्या कोटाच्या खिशांवरच्या चुण्या गायब. 1944 चा कोट कमरेपर्यंतच, आणि छातीवरचा गरुड यंत्रावर विणलेला, फिक्या करड्या धाग्यात. कापडातली लोकर कमी होत गेली आणि कृत्रिम धागा वाढत गेला. उस्ताद हे सगळे फोटो भराभर सरकवतात. "हे मशीनचं," म्हणतात आणि फोन परत देतात. जर्मनी युद्ध कसं हरत गेली, हे त्या चार फोटोंत शिवणीशिवणीतून दिसतं.

परत देता देता त्यांचं लक्ष गरुडाच्या पायांकडे जातं. "हे तर स्वस्तिक." खालच्या मजल्यावर व्यापाऱ्याच्या वहीवर, दाराच्या चौकटीवर, तिजोरीवर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक मी आत्ताच पाहून आलोय. इथे ते शुभाचं आहे आणि हजारो वर्षं शुभाचं आहे. फोटोतलं चिन्ह कुठल्या राजवटीचं होतं, ते मी सांगतो. त्या चिन्हाखाली साठ लाख ज्यूंना मारलं गेलं, हेही सांगतो. जर्मनीत आज ते जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे, शिक्षण आणि संग्रहालय यांसाठी तेवढी सवलत आहे, हेही सांगतो. चौकटीवरचे सगळे हात थांबतात. थोड्या वेळाने उस्ताद म्हणतात, काही वर्षांपूर्वी एका दलालाने असाच गरुड भरायला आणला होता. नमुना आला, त्यांनी भरला. कशाचा आहे ते त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मग ते मला विचारतात, "वहाँ जो लोग ये बनाते थे, उन्हें मालूम था?"

या प्रश्नाला उत्तर आहे. पोलंडमधल्या वुच शहरात नाझींनी 1940 साली ज्यूंना एका वस्तीत कोंडलं. त्या वस्तीतल्या शिवणकामाच्या कारखान्यांत उपाशीपोटी माणसं जर्मन सैन्याचे गणवेश शिवत होती. 1944 च्या ऑगस्टमध्ये ती वस्ती रिकामी करून उरलेल्यांना ऑश्विट्झला पाठवलं. बर्लिनच्या उत्तरेला राव्हेन्सब्रुक इथे बायकांची छळछावणी होती. तिथल्या कैदी बायकांकडून एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाचे गणवेश शिवून घेतले जात. म्हणजे मारणाऱ्याचा कोट मरणाऱ्याच्या हातून शिवला जात होता. शिवणाऱ्यांना माहीत होतं. सुई खाली ठेवण्याची मुभा त्यांना नव्हती.

हे मी तुटक हिंदीत सांगतो. कुणी काही बोलत नाही. एक तरुण कारागीर विचारतो, तिथल्या संग्रहालयात हे लिहिलेलं असतं का? राव्हेन्सब्रुकला आज स्मारक आहे, तिथे हे वाचायला मिळतं. पण एरवी काचेमागच्या कोटाची पुढची बाजू तेवढी आपल्यासमोर असते. पुढची बाजू राज्यसत्तेने ठरवलेली. ती सांगते, घाबरा, सलाम करा, याच्या मागून चला. मागच्या बाजूला गाठी असतात, ओढलेले दोरे असतात, स्वस्तात काढलेलं अस्तर असतं आणि ज्यांनी ते केलं त्यांची मेहनत असते. ती मागची बाजू कळली, की पुढच्या चकाकीची भूल उतरते.

आपल्या माणसांच्याही अंगावर हा गणवेश चढला होता, हे या जिल्ह्यात बसून विसरता येत नाही. 1938 च्या फेब्रुवारीत सुरत जिल्ह्यातल्याच बारडोली तालुक्यात, तापीकाठच्या हरिपुऱ्याला काँग्रेसचं एक्कावन्नावं अधिवेशन भरलं. सुभाषबाबू अध्यक्ष. एक्कावन्न बैल जुंपलेल्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली. पुढे चार वर्षांच्या आत ते बर्लिनमध्ये होते. 1941 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे स्वतंत्र भारत केंद्र सुरू झालं. त्यात त्यांच्यासोबत एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थ होते. 'नेताजी इन जर्मनी' हे पुस्तक त्यांनी पुढे लिहिलं. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी युद्धकैद्यांतून अडीच-तीन हजारांची एक पलटण उभी राहिली.

त्या पलटणीचा फोटो मी उस्तादांना दाखवतो. 1944 चा फेब्रुवारी, फ्रान्सचा समुद्रकिनारा, जर्मन सेनापती रोमेल पाहणी करतोय. फेटा बांधलेले शीख जवान, अंगात जर्मन कोट. उजव्या दंडावर ढालीच्या आकाराची पट्टी. तीत केशरी, पांढरा, हिरवा आणि झेपावणारा वाघ. वर जर्मन भाषेत स्वतंत्र भारत. ही झाली पुढची बाजू, आणि ती पाहून माझा ऊर आजही भरून येतो. मागची बाजू ही, की याच माणसांना हिटलरच्याही नावाने शपथ घ्यावी लागली. त्यांचा नेता 1943 च्या फेब्रुवारीत पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेला होता. भारताच्या सीमेवर लढायची त्यांची वेळ कधी आलीच नाही, आणि 1944 च्या ऑगस्टमध्ये त्यांची पलटण एसएसकडे वर्ग झाली. या माणसांचा गौरव करायचा तर दोन्ही बाजू सांगूनच करायला हवा. वाघ दाखवायचा आणि शपथ झाकायची, हे त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

उस्ताद फोटोतल्या जवानाचा चेहरा मोठा करून बघतात. दंडावरच्या पट्टीकडे त्यांचं लक्ष नाही. "किती वय असेल?" ते विचारतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या तरुण कारागिराएवढं असावं.

चहा येतो. काका चौकटीवरून सिंहाचं कापड अलगद उचलतात आणि माझ्या हातात उलटं देतात. पुढून राजबिंडा दिसणारा सिंह मागून गाठींचं रान आहे. ठिकठिकाणी दोरा आडवा गेलाय, एका ठिकाणी तुटलेला दोरा नव्याने जोडलाय. उस्ताद थोडे ओशाळतात. मागची बाजू कुणी पाहुण्याला दाखवत नाही. मला मात्र दोन्हींत तीच अधिक बोलकी वाटते. आता तिच्यावर कागद चिकटेल, मग अस्तर, आणि ती कायमची झाकली जाईल.

गणवेशाची पुढची बाजू आपल्याकडेही बदलते. 2023 च्या डिसेंबरमध्ये सिंधुदुर्गावरच्या नौदल दिनानंतर आपल्या नौदलाच्या ॲडमिरलांच्या खांद्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला आणि इंग्रजी आरमाराचा वारसा असलेलं नेल्सनचं कडं गेलं. मराठी माणसाला याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. त्याच अभिमानाने आणखी एक काम करता येईल. सुरतचा सोळाव्या शतकातला किल्ला महापालिकेने नीट करून लोकांसाठी खुला केला आहे. तिथे एका काचेच्या पेटीत जरीचा एक बिल्ला ठेवावा आणि खाली आरसा बसवावा, म्हणजे त्याची मागची बाजूही दिसेल. शेजारी साची, हाफ-फाइन, इमिटेशन आणि प्लास्टिक अशी चार रिळं. पाटीवर हुद्द्याच्या आधी तार ओढणाऱ्याचं नाव, मग गुंडाळणारीचं, मग भरणाऱ्याचं. शाळेतली मुलं तिथे येतील. चमक कशी बनवली जाते, हे त्यांनी एकदा पाहिलं की पुढे कुठलाही लखलखता गणवेश समोर आला तरी त्यांची मान आधी झुकणार नाही. ती आधी विचारतील, हा कुणी शिवला, आणि कशासाठी?